मागाल त्या दिवशी परत

९ नोव्हेंबर, रविवार

पोशीरला शाळेच्या ओट्यावर बोलले. भाताची झोडणी चालू, तरी साठेक बायका जमल्या. घसा बसला, पण सभा जिंकली!

नाळ परसात पुरून कुणाचं भलं झालं? — विचारलं. ती खालापूरच्या प्रयोगशाळेत द्या! हल्ली माणसाची कातडी मशीनवर छापता येते. पण आत रक्ताची वाट नसली, तर ती मधूनच मरते. नाळेच्या शिरेतल्या पेशी घेऊन तिथे त्या वाटा वाढवतात. वाल्मिकचंही सांगितलं. कारखान्यात भाजल्यावर अकरा दिवस जगला माझा भाऊ. पाठीवर लावलेली कातडी काळी पडत गेली, मी बघत बसले. 

मग मागून अंबाबाई उठली. तिची सून रिया, दिवस भरत आलेले.

"आन् आमी परत मागितली तं?"

"मागाल त्या दिवशी परत मिळेल!"

टाळ्या.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

रिया बाळंत झाली. मुलगा! कर्जतच्या रुग्णालयातून बर्फाची पेटी नेहमीसारखी मीच स्कूटरवरून नेली. अंबाबाई फाटकापर्यंत मागे. "खड्ड्यांत आपटू नका गं बाई त्याला!" मी म्हटलं, नाळ आहे, अंडी नाहीत. हसली.

१२ डिसेंबर, शुक्रवार

फराहचा फोन — आत्ता या! माझी जुनी विद्यार्थिनी, आता त्या प्रयोगशाळेत संशोधक. सूक्ष्मदर्शकाखाली नखाएवढा कातडीचा तुकडा. आत भाताच्या रोपाला असतं तसं मुळांचं जाळं. तिने एका टोकाने लाल द्रव सोडला. जाळ्यातून सरकत सरकत तो दुसऱ्या टोकाने बाहेर आला. छापून चौदा दिवस झाले, मधला भाग जिवंत! सहा वर्षांत पहिल्यांदा.

"कुणाची नाळ?"

"पोशीरची. रिया."

वाल्मिक, बघतोयस ना रे?

१४ डिसेंबर, रविवार

रियाचं बाळ गेलं. न्यूमोनिया. सव्वीस दिवसांचं.

१५ डिसेंबर, सोमवार

पोशीरला जाऊन आले. दोन-दोन तास बोलणारी मी. तिथे त्यांची भांडी घासत बसले.

१९ डिसेंबर, शुक्रवार

अंबाबाई एकटीच एसटीने आली. खुर्ची दिली तर खालीच बसली.

"नाळ द्या बाई. पोराला पुरलाय तिथंच ठेवते. एकटंच गेलं ओ ते. त्याचं म्हनून संगं काय नाय."

मी तोंड उघडलं. पेशी, विज्ञान, पुढच्या पिढ्या — सगळं ओठावर. तिने हात वर केला.

"भाशान नको आता. परत मिळंल, तुमीच बोलला."

२० डिसेंबर, शनिवार

फराह म्हणाली, "नाळ नाही उरत, बाई. पेशी काढल्या की बाकीचं त्याच दिवशी जाळतो. संमतिपत्रात लिहिलंय. तुम्ही वाचलं नव्हतं?"

गठ्ठेच्या गठ्ठे वाटले मी! घरात भिंतभर पुस्तकं, आणि ती दोन पानं नाही वाचली. मला वाचायची गरज वाटली नाही. मला बोलायचं होतं.

"मी रियाला विचारते," फराह म्हणाली. "ती नको म्हणाली, तर पेशी आणि तो तुकडा, दोन्ही नष्ट करावी लागतील. नियम आहे."

"थांब. मी बोलते तिच्याशी."

काय बोलू? खरं सांगितलं तर अंबाबाई तो तुकडा मागणार. तिचा हक्कच आहे. आणि मग? पुन्हा सहा वर्षं? तोवर आणखी किती वाल्मिक?

सत्यावर व्याख्यानं दिली मी. गावोगाव.

२३ डिसेंबर, मंगळवार

लिहून टाकते.

सकाळी कर्जतहून पेटी घेतली. खालापूरच्या तस्लीमची नाळ. तिला पहिली मुलगी झाली, माहेरी कर्जतला. तिचे वडील याकूबभाई म्हणाले होते, "आमच्यात दफन करतात, बाई. पण तुमच्या शब्दावर देतो."

चौकात खालापूरच्या बाजूला वळलेच नाही. पोशीरचा रस्ता धरला. पुलाजवळ थांबून पेटीतल्या डब्यावरचं नाव नखाने खरवडून काढलं. नख तुटलं.

अंबाबाईने डबा छातीशी धरला. ओढ्याकडेला, बाळाच्या शेजारी, स्वतःच्या हाताने पुरला. मग वाकली — माझ्या पाया पडायला! मी मागे सरले. रिया लांब उभी होती, पदर तोंडावर. नजर डब्यावर.

संध्याकाळी फराहला दोन गोष्टी सांगितल्या. तस्लीमची पेटी रस्त्यात उलटली. रियाची काही हरकत नाही.

दोन्ही तिला पटल्या. माझं बोलणं कुणाला पटत नाही?

२६ डिसेंबर, शुक्रवार

तुकडा अजून जिवंत. फराह म्हणते, मोठा छापू. नेरळच्या व्याख्यानाला नाही म्हणून कळवलं.

२८ डिसेंबर, रविवार

रिया आली. पाणी दिलं, प्यायली नाही.

"सासूबाई जेवतात आता. त्यासाठीच त्या दिवशी मी गप्प राहिले."

मी काही बोलणार, तेवढ्यात म्हणाली, "मी कागद वाचून सही केली होती, बाई. नाळ जाळतात, मला माहीत होतं."

मग माझ्याकडे बघत —

"आम्ही पुरली ती कुणाची?"