पहिला तांब्या

वैनीस जयभीम,

लातूर नवा जिल्हा झाला, पण दुष्काळात तेलमिल बंद पडली अन् मी बोअर पाडायच्या गाडीवर कामाला लागून जैसलमेरच्या वाळूत आलो. गंजगोलाईच्या बाजारातला गलका अजून कानात हाय.

तुम्ही लिहिलंत, "भावजी, औशाची पोरगी तुमच्यासाठी थांबलीय. पर ऊस न्हाई ती, बारा महिने उभी राहायला. लवकर या." मी निघणारच होतो.

काल इथं गोडं पाणी लागलं. गावी आपल्याला विहिरीपासून लांब उभं करायचे, वैनी. इथल्या म्हातारीनं पहिला तांब्या माझ्याच हातात दिला. म्हणली, "बेटा, पुढची वस्ती बी तहानलीय. थांबशील?" मी हाव म्हणलो.

पोरीला थांबवू नका. हे पत्र टाकायला मात्र हात धजत न्हाई. टाकलं की ती खरंच दुसऱ्याची होईल.

तुमचाच,
रामकिशन