पट्टा दिला होता का?

गुरुवार, कोल्हापूर

शेजारची करुणा कायद्याच्या प्रवेश परीक्षेसाठी माझ्याकडे सरावाला येते. आज एक नियम आणि एक प्रसंग देतात, तो प्रश्नांचा प्रकार घेतला. नियम असा: कामगाराने सुरक्षेचा पट्टा बांधला नसेल, तर मालक जबाबदार नाही. प्रसंगात कामगार शेडवरून पडून मरतो. पट्टा बांधलेला नव्हता.

करुणाने मालकाला जबाबदार धरलं.

"चुकलं," मी म्हणालो.

"पण काका, त्याला पट्टा दिलता का? ते कुठं लिहिलंय?"

"लिहिलंय तेवढंच धरायचं."

"तुम्ही मालकाचे वकील हायसा काय?" हसत तिने उत्तर खोडलं.

नऊ वर्षांपूर्वी तिचे वडील फौंड्रीच्या शेडवरून पडून गेले. मी तेव्हा वार्ताहर होतो, ती बातमी माझी. पान छपाईला सोडायला दहा मिनिटं होती. पट्टा बांधला नव्हता, असं मालक फोनवर म्हणाला आणि मी तेवढंच छापलं. पट्टा दिला होता का, हे मी कुणालाच विचारलं नाही. नुसती घाईच होती का ती?

करुणाच्या आईने ते कात्रण जपून ठेवलंय. त्यावर माझं नाव नाही.

जाताना करुणा म्हणाली, "उद्या बी हेच घेऊया की, काका. ह्यातच चुकतंय माझं."

मी बरं म्हणालो.