बाब्याच्या कानाची खाच

प्रिय अक्का,

पत्र बघून म्हणशील, मल्ल्यानं परत काय तरी काढलं. वाच तरी. तू माझा नंबर ब्लॉक केलास ते बरोबरच हाय. दाजींचं डोळ्याचं आपरेशन चालू असताना घर फुटलं म्हणून खोटाच फोन करणारा भाऊ कुणाला पायजे? आईच्या फोनवरनं बोललो तरी माझा आवाज ऐकून तू ठेवशील. दाजींचा भाऊ सयाजी उद्या हैदराबादला तुमच्याकडंच निघालाय, त्याच्या हातानं पाठवतोय.

पंधरा दिस बाब्याला कोण बघणार यावर तू किती डोकं लावलंस. शेजारची नीलम्मा बघते म्हणत होती, पण ती कुत्र्यावर खेकसती म्हणून तुला नको. गल्लीतला सिद्धाराम गोड बोलला, रोज फोटो पाठवतो म्हणला, झालं, दिलीस घराची चावी. मला इचारलं पण न्हाईस. मी मनात म्हणलं, बघतोच ह्याला.

शनिवारी दुपारी तो जेवायला गेला की मी मागच्या भिंतीवरनं आत उतरलो. बाब्याचा पट्टा काढून साखळीला तसाच लटकत ठेवला, आणि बाब्याला गाडीवर घालून वळसंगला आपल्या मेंढरांच्या वाड्यावर आणला. शिव्या नंतर दे. मला वाटलं, गडी घाबरंल, गल्लीभर हुडकंल, तुला फोन करंल, मग संध्याकाळी मी बाब्याला घेऊन हजर.

संध्याकाळी आईच्या फोनवर तुझं स्टेटस बघितलं. बाब्या दूध पितोय, खाली तू लिहिलंयस, पोरगं मजेत हाय. आणि पोरगं हितं माझ्या ताटातली भाकर वडत होतं. पैल्या दिवशी काढून ठेवलेला फोटो असणार. मला लई हसू आलं, खोटं कशाला बोलू. बघू किती ताणतोय म्हणून गप बसलो. रविवारी पण एक जुनाच फोटो. सोमवारी मीच त्याला चौकात गाठलं आणि बाब्या कसाय इचारलं. पापणी हलली न्हाय त्याची.

"माझ्या हातानंच खातोय की. तुझ्या अक्काला पण इसरला बघ."

तवापासनं मला हसू येत न्हाय.

तुला आठवतंय, कोकरांच्या कानाला आपली खूण पाडत होते तवा मी बाब्याच्या डाव्या कानाला पण कातर लावलेली? सहावीत होतो. म्हणलं, हे पण आपल्याच कळपातलं. तू दोन दिस बोलली न्हाईस माझ्याशी. पण त्याच खाचंवरनं तू त्याला कुटं पण वळखतीस, आणि ही गंमत तू कौतुकानं सगळ्यांना सांगतीस. सिद्धारामाला पण सांगितलीस.

काल तुझ्या स्टेटसला नवा फोटो आला. आपलाच दरवाजा, गळ्यात बाब्याचाच पट्टा, तसाच तांबडा रंग, डाव्या कानाला खाच. तू बदाम टाकलायस. अक्का, तो फोटो मोठा करून बघ. खाचंच्या कडंला रगत वाळलंय, त्यावर माशी बसलीय. शेपूट पोटाखाली. कुणाचं कुत्रं हाय देव जाणं.

मी आज तुझ्या घरी गेलो. गेटला नवं कुलूप हाय, आपलं न्हाय. फटीतनं हाक मारली तर ते बिचारं भुंकलं न्हाय, टाकीमागं सरकलं. मागं बघितलं तर सिद्धाराम रस्त्यात उभा. कितीतरी वेळ उभा असंल. म्हणला, अक्का रविवारी येणार न्हवं? आणि माझ्या पँटीला लागलेले बाब्याचे केस बघत राहिला.

म्हणून लिहितोय. ही माझी गंमत न्हाय, बाब्याच्या उजव्या पंजाचा ठसा खाली उमटवलाय. चूक माझी, ते कबूल. मी पट्टा काढला नसता तर त्या मुक्या जिवाचा कान वाचला असता. तू सिद्धारामाला फोन मात्र करू नको. त्याला कळलं की ते कुत्रं आधी नाहीसं होईल, आणि चावी अजून त्याच्याकडंच हाय. दाजींना तिथल्या आत्याकडं ठेव आणि सयाजीला घेऊन परवाच ये, न सांगता. तवर मी नीलम्माच्या गच्चीवर बसून गेटवर नजर ठेवतोय. ती माझ्यावर पण खेकसतीय, पण दोन भाकरी जास्त थापतीय, एक माझी आणि एक भिंतीवरनं त्या कुत्र्याला टाकायला.

तुझाच,
मल्हार