शाळेच्या पटांगणातला तुमचा दगड

सर, तुमच्या स्मारकाचा दगड शाळेच्या पटांगणात उभा राहून आता वर्ष होत आलं. लोहाऱ्याला गेले की मी शाळेवरून जात नाही. स्टँडवर उतरते, मागच्या गल्लीनं माहेरी जाते, आणि कुणी विचारलंच तर उन्हाचं कारण सांगते.

तुम्ही आम्हाला चित्रकला शिकवायचात, पण मला चित्रापेक्षा दगड आवडतो हे माझ्याआधी तुम्हालाच कळलं. दहावीच्या वर्षी तुम्ही धाराशिवच्या बाजारातून मला छिन्नी-हातोडी आणून दिलीत. पोरीच्या हातात छिन्नी बघून शिपाईसुद्धा हसला होता. शाळेमागं पडलेल्या फुटक्या जात्यावर मी ती चालवायची, आणि तुम्ही दारातून ओरडायचात, "आधी तोंडाला रुमाल बांध! दगड काय पळून चाललाय?" संध्याकाळी जेवण तुमच्याच घरी. काकू चुलीपुढं बसल्यात, तव्यावरची भाकरी थेट माझ्या ताटात येते, वर शेंगदाण्याची चटणी आणि तेल. माझ्या केसांतली पूड बघून त्या तुम्हाला म्हणतात, "हिला आधी न्हाणीत धाडा, मग काय ते कलाकार करा." तुम्ही हसता. मी कॉलेजात असताना तुम्ही गेलात. माझी परीक्षा चालू होती. मला कळलं तोवर तुमचा तेरावासुद्धा होऊन गेला होता.

येडशीच्या रस्त्यावर आता माझी शेड आहे. मी ग्रॅनाइटमध्ये काम करते. आपल्याकडं सगळा काळा पाषाण, ग्रॅनाइट कर्नाटकातून ट्रकनं येतो. त्यातून मी देव, माणसं, जनावरं असलं काही घडवत नाही. नुसते आकार काढते. कुठं फुगवटा, कुठं खोलगट भाग, कुठं एका बाजूला कललेला तोल. कुणी पुतळा करायला सांगितला की "मी चेहरे करत नाही" असं म्हणायची मला सवय लागली होती. या वाक्यानं समोरचा माणूस जरा दबतो, आणि मला ते आवडायचं.

हेडमास्तर आणि काही जुने विद्यार्थी शेडवर आले, तेव्हाही मी तेच म्हणाले. शाळेत तुमचा अर्धपुतळा बसवायचा होता. काकूंनी तुमचा एकुलता एक फोटो रुमालात गुंडाळून पाठवला होता. कुणाच्या तरी लग्नातला, डोक्याला फेटा, मान थोडी वळलेली. मी म्हणाले, "पुतळा नको. सरांच्या आठवणीसाठी मी माझ्या पद्धतीनं दगड घडवते." त्यांनी एकमेकांकडं बघितलं. हेडमास्तर म्हणाले, "ताई, त्यातलं तुम्हाला कळतं. तुम्ही म्हणाल तसं." काकूंना कुणी काही सांगितलं नाही. मीही नाही. फोटो कपाटात ठेवून दिला.

कार्यक्रमाला काकू नवं लुगडं नेसून आल्या होत्या. त्यांच्या हातूनच पडदा ओढायचा होता. पडदा खाली आला, टाळ्या वाजल्या. काकू दगडाकडं बघत राहिल्या. मग पदर सावरत हळूहळू त्याच्या मागं गेल्या. मला वाटलं, दगडाचा कललेला तोल बघतायत. पण त्या दुसऱ्या बाजूनं बाहेर आल्या आणि पुन्हा समोर येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्या तुमचा चेहरा शोधत होत्या. इकडून नाही तर तिकडून असेल, असं त्यांना वाटलं होतं. माझ्याजवळ येऊन त्यांनी हळूच विचारलं, "तोंड करायचं ऱ्हायलंय का गं बाई?" वजन आणि पोकळी यांवर मी चांगलं भाषण तयार करून आणलं होतं. मी म्हणाले, "व्हय काकू. ऱ्हायलंय." मग माइकपुढं जाऊन मी ते भाषण केलं. हा दगड म्हणजे सरच आहेत, असंही म्हणाले. काकू पहिल्या रांगेत बसून मान डोलवत होत्या.

त्यानंतर मी माती मळली आणि तुमचा फोटो समोर लावून बसले. दगडावर चेहरा बसवायची जागा नव्हतीच, पण निदान मातीत तरी तुम्ही जमावेत, म्हणजे वेगळा पुतळा करून देता येईल. नाक झालं की डोळे बिघडायचे. डोळे सुधारले की तोंडावर भलताच राग यायचा. एक दिवस फोटो परत न्यायला म्हणून काकूच एस.टी.नं धाराशिवला येऊन, तिथून रिक्षानं शेडवर आल्या. ओल्या मातीतलं तोंड त्यांनी बराच वेळ न्याहाळलं.

"हे कोण?"

"सर."

त्या हसल्या नाहीत. मग मात्र मी बोलले. "काकू, मला चेहरा जमत न्हाय. कॉलेजातबी जमला नव्हता. करत न्हाय म्हणते, पण येतच न्हाय."

"मग तवाच सांगायचं की," त्या म्हणाल्या. "म्या त्यांचा फोटोच मोठा करून लावला असता." फोटो घेतला, माझ्या बोटाची माती लागली होती ती पदरानं पुसली, आणि "जेवलीस का?" असं विचारून निघाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

शाळेच्या व्हरांड्यात आता तुमचा मोठा फोटो आहे, असं ऐकते. कार्यक्रम असला की हार त्यालाच घालतात. दगडाला टेकून पोरं डबा खातात.

हे सगळं लिहिलं, पण पाठवणार कुठं? माझ्याकडं तुमचा पत्ता म्हणजे काकूंच्या घराचाच, आणि तिथं ते काकूंना कुणीतरी वाचून दाखवील. त्यांना एवढं ऐकवलं तरी चालेल, पुढचं नको. तो दगड घडवला त्या हिवाळ्यात मी फार सुखात होते, सर. सकाळी शेड उघडायची ती अंधारून येईपर्यंत कामातच. कुठला फुगवटा किती उतरवायचा, याशिवाय डोक्यात काही नसायचं. तुम्ही मला एकदाही आठवला नाहीत.