ब्रिटाची मीटिंग

प्रिय वेस,

फोनवर हा विषय काढला की तुला नेमका आवाज येईनासा होतो. म्हटलं, आता कागदावरच गाठावं याला. स्वतः सावकाश वाच नाहीतर तुझ्या बायकोला, जोडीला, वाचून दाखवायला लाव, पण शेवटपर्यंत जा. आई सांगत होती की तुमच्या लिनियाच्या शाळेनं तिच्या वाचनाची तपासणी करायला परवानगी मागितली आहे आणि तू सही करायला तयार नाहीस. जोडी म्हणे तुझ्या मनाविरुद्ध करणार नाही. घरच्यांच्या सहीशिवाय शाळेला पुढे जाता येत नाही. दुसरी संपत आली आणि पोर आहे तिथेच आहे.

लिनिया पुस्तक कसं घडाघडा वाचते हे आई कौतुकानं सांगत होती, फक्त नवं पुस्तक दिलं की पोट दुखतं म्हणे. आमच्या ब्रिटाचं अगदी हेच होतं. पुढच्या बाकावरच्या मुलीनं वाचलं की हिला अख्खं पान तोंडपाठ. बाई खूश, मीही खूश. तिसरीत एक बदली बाई आल्या, त्यांनी सगळ्यांत आधी हिलाच वाचायला उभं केलं आणि सोंग उघडं पडलं. तपासणीत डिस्लेक्सिया निघाला. तेव्हापासून दरवर्षी शिक्षक आणि मी एका टेबलाशी बसतो आणि वर्षभर तिला काय मदत द्यायची ते ठरवतो.

या मंगळवारी ती मीटिंग झाली. आता ती सोळाची, म्हणून यंदा बोलायचं तिनंच. मी आपली लिंबाच्या वड्यांचा ट्रे घेऊन गेले आणि कोपऱ्यात बसले. मुख्याध्यापिका सवयीनं माझ्याकडे बघून सुरू झाल्या, तर ही म्हणते, मॅडम, मी इकडे आहे. माझ्या घशात वडी अडकली. मग इतिहासाचे सर म्हणाले की ब्रिटाचे गुण आता इतके छान आहेत, परीक्षेतला जादा वेळ बंद करायला हरकत नाही. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ही शांतपणे म्हणाली, "सर, बर्फासाठीचे खास टायर लावल्यावर गाडी घसरली नाही, म्हणून तुम्ही जानेवारीत टायर काढून टाकता का?" सर कानापर्यंत लाल झाले. मग हसले आणि म्हणाले, बरं बाई, टायर राहू देत. जादा वेळ राहिला. ऐकायची पुस्तकंसुद्धा राहिली. मला इतका अभिमान वाटला ना वेस, पार्किंगमध्ये जाऊन मी ढसाढसा रडले, आणि ही मला म्हणते, आई, लोक बघतायत, गाडीत बस.

तू सही का करत नाहीस ते मला ठाऊक आहे. आपल्या शाळेतली बॉयलरशेजारची ती खोली मीही पाहिली आहे. वाचता येत नाही म्हणून तुला तिथे पाठवलं तेव्हा आईला कुणी धड विचारलं नाही, आणि तुला तर नाहीच. दिवसभर रंग भरायला बसवायचे. बाहेर आलास की पोरं काय म्हणायची ते मी इथे लिहीत नाही. आपली पोर त्या दारातून जाऊ नये असं तुला वाटतं. मलाही वाटतं. पण लिनिया आपल्याच वर्गात, आपल्याच मैत्रिणींत राहील, फक्त रोज थोडा वेळ एक बाई तिच्या शेजारी बसून अक्षरं शिकवतील. आणि आवडलं नाही तर नाही म्हणायचा हक्क तुलाच आहे.

हे सगळं मी आपणहून लिहिलं असतं की नाही, देव जाणे. तू चिडशील म्हणून गप्पच बसले असते. पण परत येताना गाडीत ब्रिटानं विचारलं, वेस मामाच्या वेळी असं टेबल नव्हतं का? नव्हतं म्हटलं. मग म्हणाली, "लिनियाच्या मीटिंगला मामा एवढ्या शिक्षकांसमोर एकटा बसला तर तोंडच उघडणार नाही. घरच्यांना कुणालाही सोबत नेता येतं, मी नियम वाचलाय. त्याला सांग, मी येते." तिनंच मला हे पत्र लिहायला बसवलं आहे. सही करायची की नाही ते तू ठरव. केलीस, तर त्या दिवशी तुझ्या शेजारच्या खुर्चीवर माझी लेक बसलेली असेल.

तुझीच,
कार्ला