नऊ नंबरचा गोल

६ जाने., मंगळ., अल नहदा
निसार आखात सोडून कायमचा गावी परत चाललाय. रुवैसच्या रिफायनरीत सव्वीस वर्षं, आता खलास. शनिवारी उम्म अल कुवैनला कॉलेजच्या फुटबॉल टीमतर्फे निरोप. टीम म्हणजे इथे उरलेले सहा जण आणि त्यांची सहा पोटं. भाषण माझ्याकडे. हशे मीच मिळवतो ना.

७ जाने.
ऑफिसात बसून भाषण लिहिलं. काय टीम होती. अख्ख्या सीझनमध्ये एक मॅच हरलो नाही. जांभ्या दगडाचं मैदान, निम्मे अनवाणी. एस्टी चुकली की सर पळवत न्यायचे आणि त्यालाच वॉर्मअप म्हणायचे. आमच्या टॉवरमधली पोरं बूट निवडण्यातच सीझन काढतात.
फायनल १-०. गोल : परांजपे, म्हणजे अस्मादिक. पेपरात तसंच आलं.
लेकीने शनिवारी दाखवायला त्या मॅचवर व्हिडिओ केलाय. "बाबा, यू वर अ लेजंड." मी नाही म्हटलं नाही.

८ जाने.
खोटं आहे. इथे तरी लिहावं.
हाफटाइमला माझा घोटा सुजला. निसारचा फॉर्म वेळेत गेला नव्हता, यादीत नाव नाही, म्हणून सीझनभर बाकावर. सरांनी माझा नऊ नंबरचा शर्ट उतरवून त्याला घातला. रेफरीला फक्त नंबर माहीत. मी टॉवेल पांघरून पोरांच्या गर्दीत. गोल त्याचा. लांबून, डाव्या पायाने. तसला गोल नंतर टीव्हीवरही पाहिला नाही.
आणि मी दर पार्टीत काय सांगतो? निसार आमच्याकडे पाणी वाटायचा. हशा. तोही हसतो.

९ जाने., शुक्र.
फोन केला. म्हटलं, उद्या सगळ्यांसमोर खरं सांगतो. तर म्हणाला, "पऱ्या, सर व्हिडिओवर येणारेत. ब्याऐंशीचे झालेत. आख्ख्या जन्मात एक लबाडी केली त्यांनी, ती पण आपल्यासाठी. ती त्यांच्या तोंडावर वाचणार तू?"
म्हटलं, तुझ्या मुलाला वाटतं बाप नुसता पाणी वाटायचा.
"वाटायचोच की. गोल एक केला, पाणी रोज दिलं."
याच्यावर मी तीस वर्षं विनोद करतोय.

१० जाने., शनि.
बिर्याणी, खाडीचा वारा. सर स्क्रीनवर, कानामागे हात धरून. निसारचा मुलगा पुढेच बसून रेकॉर्डिंग करत होता. मी पाण्याचं गाळलं, तर त्यानेच आठवण केली, "अंकल, द पानीवाला जोक?"
निसारने माझ्याकडे बघून बारीकशी मान हलवली. नाही.
एवढंच म्हणालो की आमच्यात सगळ्यात भारी खेळायचा तो निसार. कोणी हसलं नाही. सर टाळ्या वाजवत राहिले, सगळ्यांच्या थांबल्या तरी.
पार्किंगमध्ये मुलगा मागे आला. "अंकल, डिड ही एव्हर स्कोअर?"
तिकडे निसार गाडीत बसलेला, काच खाली.
म्हटलं, सोमवारी घरी ये जेवायला. निसारचं विमान मंगळवारी.
जेवायला काय करायचं ते बायकोने लगेच ठरवलं. मी त्याला काय सांगायचं, ते अजून ठरलेलं नाही.