ढब्बूचा मूळ फोटो

२ फेब्रुवारी

चि. धाकलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोन बंद करून ठेवलास ते बरं केलंस. अनोळखी माणसं दिवसभर फोन करून रडणार आणि समजूत तू काढणार, हा कुठला न्याय? आता मी पत्र लिहीन. रात्रीच्या बसचा कंडक्टर माझं गिऱ्हाईक आहे. तो सकाळी हॉस्पिटलच्या चौकीत पाकीट देईल, उत्तर त्याच्याच हाती पाठव.

बातमी चांगली आहे. ढब्बूच्या ऑपरेशनसाठी हेडमास्तरांनी जी समिती काढली, तिच्याकडे पैसा धो धो येतोय. आणि कशामुळे येतोय? फोटोमुळे. धाकले, स्वतःच्या तोंडानं सांगू नये, पण दुसरं कोणी सांगत नाही म्हणून सांगतो, असा फोटो माझ्या हातून गेल्या वीस वर्षांत उतरला नव्हता. पेपरात आला, दुकानादुकानांतून लागला, दवाखान्याच्या दारावरसुद्धा आहे.

तुम्ही निघायच्या आदल्या दिवशी दुकानात आलात तेव्हा पोर अगदी मलूल होतं, आणि माझ्या त्या ट्यूबलाइटखाली पिवळंधमक दिसत होतं. म्हटलं, असा फोटो लोकांसमोर कसा ठेवायचा? थोडा हात फिरवला. पिवळेपणा घालवला, डोळे स्वच्छ केले, ओठांना रंग, गालांना जरा भर. नवऱ्यामुलींना करतो तेवढंच, जास्त नाही. एक प्रत सोबत पाठवतोय, ती उशाशी लाव.

जावईबापूंना म्हणावं, जेवत जा. वहिनी तुझी आठवण काढते, आणि माझ्याशी भांडताना तर फारच काढते. आमचा जीव तिकडे टांगलेला आहे एवढं ध्यानात असू दे.

तुझा,
दादा


५ फेब्रुवारी

ती. दादास,
शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांग मनातल्या मनात. दोन खाटांच्या मध्ये एक स्टूल मावतं, आणि त्यावर मी मावते.)

फोटो मिळाला. उशाशी लावला. नर्सनं विचारलं, हा मोठा मुलगा का तुमचा? मी नाही म्हणाले. मग ढब्बूनं बराच वेळ बघितला आणि हा कोण म्हणून विचारलं. मी म्हटलं, अरे, तूच. तो म्हणाला, मी नाही हा, पण चांगला आहे, कुठे राहतो? दादा, मी वर्गात चाळीस मुलांच्या शंका सोडवते, पण ही एक तुझ्याकडे पाठवतेय.

आता खरी बातमी. माझ्या तपासण्या झाल्या, आणि माझ्या लिव्हरचा तुकडा त्याला चालणार आहे. काळजाचा तुकडा म्हणतात ते इथे शब्दशः घेतात. डॉक्टर म्हणाले, या महिन्यात व्हायलाच हवं, पुढे ढकलण्यासारखी त्याची तब्येत नाही. पण पैसे जमा झाल्याशिवाय हॉस्पिटल तारीख देत नाही. तेवढं लवकर बघ.

हे औषधांच्या दुकानात धावतात आणि उरलेला वेळ व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून झोपतात. घोरतात इतके की पलीकडच्या वॉर्डातून तक्रार आली. वहिनीला नमस्कार. आमच्यावर लक्ष आहेच तुमचं, ते असंच राहू दे.

तुझी,
धाकली


९ फेब्रुवारी

चि. धाकलीस,
आशीर्वाद. ‘उत्तम’ लिहायची माझी लायकी उरली नाही, म्हणून नुसतेच.

प्रकरण अंगाशी आलंय. शेजारचा चष्मेवाला पेपरातला फोटो घेऊन माझ्या पायरीवर उभा राहिला आणि म्हणाला, ज्याचं लिव्हर गेलं त्याचे डोळे पिवळे होतात, आणि या मुलाचे डोळे माझ्या कुठल्याही गिऱ्हाइकापेक्षा निर्मळ आहेत, हे कसं? माणूस वाईट नाही. सगळ्यांत आधी पैसे त्यानंच दिले होते. त्याच्या सख्ख्या भावाला कावीळ झाली होती, त्यामुळे त्याला त्यातलं कळतं. पण तो बोलला मोठ्यानं, आणि बाजार ऐकत होता.

दुसऱ्या दिवशी पेपरात वाचकांच्या पत्रांचा अख्खा रकाना यावरच. एकजण म्हणतो, ज्यानं दिलं त्याला विचारायचा हक्क आहे. दुसरा म्हणतो, दिल्यावर विचारायचं तर ते दान कसलं, तो तर सौदा. तिसऱ्यानं दमडी दिलेली नाही, पण हिशेब तोच सगळ्यांत मोठ्यानं मागतोय. काल पासपोर्टचा फोटो काढायला आलेल्या एकानं बिलातून आपली वर्गणी कापून घेतली आणि वर पावती मागितली. मी दिली. काय करणार?

मग मी शहाणपणा केला. समितीच्या बैठकीत उभा राहिलो आणि सांगून टाकलं, की बाबांनो, मूल आजारीच आहे, डोळे मी साफ केलेत. मला वाटलं, लोक सुटकेचा श्वास सोडतील. मागून कोणीतरी म्हणालं, ज्याला डोळे बदलता येतात त्याला डॉक्टरांचे शिक्के बदलायला कितीसा वेळ लागतो? आगीतून फुफाट्यात पडलो. तुझी वहिनी म्हणते, तुम्ही गप्प बसलात तर घराण्याचं कल्याण होईल, पण घराण्याच्या नशिबात ते नाही.

हेडमास्तरांनी पैसे थांबवलेत. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, मी कागद बघितलेत, माझा विश्वास आहे, पण हातातले पैसे लोकांचे आहेत. त्यांचंही चुकत नाही, हेच तर दुखणं आहे. त्यांनी दोन वाटा सांगितल्या. एक तर मूळ फोटो पेपरात छापायचा, नाहीतर देणगी देणाऱ्यांपैकी दोघांनी येऊन ढब्बूला बघायचं. मूळ फोटो माझ्याकडे आहे. तू हो म्हटल्याशिवाय मी तो उघडणारसुद्धा नाही.

रागाव, पण उत्तर लवकर दे.

तुझा (मूर्ख),
दादा


११ फेब्रुवारी

ती. दादास,
नमस्कार.

नाही. दोन्हीला नाही.

त्याचं पोट दाबून बघणारी, पापणी ओढून बघणारी माणसं इथे रोज येतात, पण ती डॉक्टर आहेत आणि जाताना त्याच्या डोक्यावरून हात फिरवून जातात. बाकी कोणी खात्री करून घ्यायला येणार असेल तर मी दारातून परत पाठवीन. मग समितीनं मला आखडू म्हटलं तरी चालेल, शाळेत म्हणतातच.

लोकांचा मला राग नाही असं नाही, पण फार करता येत नाही. मीही सुटे पैसे दोनदा मोजून घेणारी बाई आहे. त्यांच्या जागी असते तर पहिलं पत्र पेपरात मीच लिहिलं असतं, मुद्द्यांना आकडे घालून. पण हा सात वर्षांचा आहे, दादा. बरा झाला तर शाळेत जाईल. तेव्हा कोणीतरी तो पिवळा, सुजलेला फोटो काढून मधल्या सुट्टीत दाखवेल. मुलं काय असतात ते मला विचार. आणि बरा नाही झाला, तर सगळ्यांच्या लक्षात तोच राहील.

अठरा तारीख मिळू शकते. पैसे सोळापर्यंत आले तर. ढब्बूला आता दिवसाही गुंगी येते. काल त्यानं मला ‘बाई’ म्हणून हाक मारली, शाळेतल्या मुलांसारखी. डॉक्टर म्हणाले, आजारानं होतं असं. मी त्याला ‘हजर’ म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडून आले.

गोंधळ तू घातलास, तूच निस्तर. माझ्या मुलाचं तोंड सोडून काय हवं ते वापर.

माया आहेच, पण आज लिहिण्यात येत नाही.

धाकली


१५ फेब्रुवारी

चि. धाकलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वहिनीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, बरोबर आहे तिचं. तोंड वापरायचंच असेल तर स्वतःचं वापरा, तसंही ते कुठल्या कामाचं नाही.

पण खरं सांगायचं तर आधी डोक्यात वाकडंच आलं. चष्मेवाल्याच्या पाटीवर त्याचा जो ऐटबाज फोटो आहे ना, तो माझाच. त्याचा डावा डोळा तिरळा आहे, तो मी पाटीवर सरळ केलाय. मूळ माझ्याकडे. वाटलं, तोच मोठा करून टांगावा. हात शिवशिवत होते. वहिनीनं कपाटाचं दार उघडून धरलं, आणि मी ते पाकीट परत आत ठेवलं.

मग काउंटरमागचा माझा फोटो काढला. तोच, जो बघून लोक हे तुमचे धाकटे बंधू का म्हणून विचारतात. त्याचं मूळ शोधलं. बापरे. टक्कल, दोन हनुवट्या, नाकावर चामखीळ, आणि पुढचा दात रजेवर. दोन्ही तेवढेच मोठे केले, दुकानाच्या दर्शनी काचेत शेजारी शेजारी लावले, आणि खाली लिहिलं: दोन्ही मीच. एक देवानं केला, दुसरा मी. भाच्याच्या फोटोवरही याच हातानं काम केलं.

सकाळी शाळेची पोरं हसली. दुपारी त्यांच्या आया हसल्या. मी आत बसून कान लाल करून घेत होतो. चारच्या सुमाराला पावाच्या दुकानवाली आत आली आणि म्हणाली, माझाही लावा, लग्नातला, माझी मुरुमं तुम्हीच पुसली होती. मग वाहतूक पोलीस आला, मग गेल्या वर्षीची एक नवरी, सासूला घेऊन. संध्याकाळी काचेत जागा उरली नाही. मी कोणालाही बोलावलं नव्हतं.

चष्मेवाला रस्त्यापलीकडून बराच वेळ बघत होता. हसला नाही. माझ्याकडेही आला नाही. रात्री बैठकीत उठला, चष्मा काढला आणि म्हणाला, माझा हा डोळा तिरळा आहे. पाटीवर सरळ दिसतो, तो यानं केलाय आणि मी पैसे देऊन करून घेतलाय. त्या मुलाचे डोळे यानंच पांढरे केले असणार, माझी खात्री पटली, माझे पैसे द्या तिकडे. धाकले, मी तो डोळा टांगला असता तर हे बोलायला तो उठला असता का?

हेडमास्तर उद्या सकाळी पैसे भरतायत. त्यांना फक्त डॉक्टरांशी फोनवर एकदा बोलायचंय. तू डॉक्टरांना तशी परवानगी दे. तिघांनी वर्गणी परत मागितली, ती दिली. तरी पुरतंय.

जावईबापूंना सांग, आता खुशाल घोरा.

तुझा,
दादा


१६ फेब्रुवारी

ती. दादास,
शिरसाष्टांग नमस्कार, या वेळी खरा, व्हरांड्यात जागा होती.

पैसे पोचले. हेडमास्तर डॉक्टरांशी बोलले. परवा सकाळी आम्हा दोघांना आत घेतील, शेजारशेजारच्या खोल्यांत. तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की नर्सनं येऊन दम दिला. ढब्बू झोपेतच म्हणाला, बाई, गप्प. ह्यांनी पत्र तीनदा वाचलं, आणि दात रजेवर तिथे दरवेळी थांबून हसले.

आता एक मागणं आहे. तो मूळ फोटो मला पाठव. पेपराला नको, कोणालाच दाखवू नको, फक्त मला. तू म्हणशील, आता कशाला? दादा, मला भीती वाटते. डॉक्टर चांगलं बोलतात, पण खात्री देत नाहीत, आणि मी गणिताची बाई असल्यामुळे शंभरात किती ते विचारून बसले. परवा उलटं झालं तर माझ्या हाती हा उशाशी लावलेला गोरागोमटा कोणाचा तरी मुलगा राहील. मला माझा हवाय. जसा होता तसा.

तू उघडलाच नाहीस असं लिहिलं होतंस. आता उघड.

तुझी आहेच,
धाकली


१७ फेब्रुवारी

चि. धाकलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र कंडक्टरकडे देत नाही, त्याच्या बसमध्ये मीच बसलोय. अक्षर वाकडं आलंय ते रस्त्यामुळे. वहिनी शेजारी आहे, आणि मी काय लिहितोय ते बघत नाही असं दाखवते आहे. सकाळी दारातच तुझ्या हाती देईन, कारण तोंडानं मला हे सांगता येणार नाही.

आज मूळ फोटो उघडला. धाकले, आम्ही फोटोवाले माणूस बघत नाही, डाग बघतो. म्हणून हा फोटो आज मी पहिल्यांदा बघितला. तुला आठवत असेल, त्या दिवशी ढब्बूला स्टुलावर धड बसवत नव्हतं. तू त्याच्या मागे वाकून उभी होतीस आणि काखेखालून त्याला धरलं होतंस. तुझी बोटं फोटोत आली आहेत. मी ती पुसली होती. शर्टाच्या रेघा मोडल्या म्हणून त्या पुन्हा एकेक काढल्या. पिवळेपणा घालवायला काही वेळ लागला नाही, सगळा वेळ गेला तो तुझा हात पुसण्यात.

तसाच छापलाय. एका ठिकाणीही हात लावलेला नाही. तो पिवळा आहे, डोळे खोल गेलेत, आणि सगळा भार तुझ्या हातावर टाकून मजेत हसतोय.

तुझा,
दादा